कल्हमची युरोपीय शाळा : पट, भाषा आणि प्रमाणपत्र

मुले कमी झाली की शाळा बंद पडते, हा महाराष्ट्रातील वाचकाचा अनुभव आहे, आणि 2017 च्या अखेरीस राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या 1,314 शाळा बंद करून तेथील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचे ठरवले तेव्हा तो अधिकच पक्का झाला. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या कल्हम या गावच्या युरोपीय शाळेचे प्रकरण मात्र या अनुभवात बसत नाही. तेथे मुले होती, इमारत होती, पालक शाळा सोडायला तयार नव्हते, आणि तरीही एप्रिल 2007 मध्ये तिच्या नियामक मंडळाने ती टप्प्याटप्प्याने ऑगस्ट 2017 पर्यंत बंद करण्याचा निर्णय घेतला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला म्हणून ही शाळा बंद झाली, हा समज सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. सार्वमत 2016 चे, निर्णय त्याच्या नऊ वर्षे आधीचा, एवढी साधी तारखांची तपासणीही कोणी करत नाही, याचा या क्षेत्रातील अभ्यासकाला आता कंटाळा आला आहे. या अंकाच्या संपादकांनी सुचवलेला विषय ‘शाळा वाचवण्याची चळवळ’ असा होता; परंतु मोर्चे, निवेदने आणि सह्या हा अशा प्रकरणांतला सर्वांत सोपा भाग असतो, आणि खरी गुंतागुंत शाळेच्या कायदेशीर रचनेत असते.

युरोपीय शाळा ही खाजगी शाळा नव्हे आणि ती कोणत्याही एका देशाची सरकारी शाळाही नव्हे. युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी 1953 साली लक्झेंबर्गमध्ये पहिली शाळा काढली, 1957 साली सहा देशांनी तिच्या नियमावलीवर आंतरराष्ट्रीय करार म्हणून सह्या केल्या, आणि 1959 साली युरोपीय बॅकालॉरिएट या शालान्त परीक्षेला पहिली तुकडी बसली. इमारत यजमान देशाने द्यायची, प्रतिनियुक्तीवरील शिक्षक प्रत्येक सदस्य देशाने आपल्या पगारावर पाठवायचे, आणि तूट बव्हंशी युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकातून भरून निघायची, अशी ही व्यवस्था आहे. प्रतिनियुक्तीची मुदत सर्वसाधारणपणे नऊ वर्षांची असल्यामुळे शिक्षक स्थिरावतो तोच परत जातो. विद्यार्थ्यांचे वर्ग तीन : पहिल्या वर्गात संघाच्या संस्थांमधील कर्मचाऱ्यांची मुले, ज्यांना शुल्क नाही, दुसऱ्यात करार केलेल्या संस्था वा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची, आणि तिसऱ्यात, जागा उरल्यास, शुल्क भरणारी इतर सर्व मुले. शाळेच्या अस्तित्वाचे समर्थन पहिल्या वर्गावर उभे असते, आणि कल्हमचे सारे दुखणे या एका कलमात होते.

ही शाळा कल्हममध्ये आली ती एका यंत्रामागून. अणुसंमीलन, म्हणजे हलक्या अणुकेंद्रकांच्या एकीकरणातून ऊर्जा मिळवण्याची प्रक्रिया, अभ्यासण्यासाठी ‘जॉइंट युरोपियन टोरस’, संक्षेपाने ‘जेट’, हे टोकामाक जातीचे यंत्र युरोपीय देशांनी एकत्र बांधायचे ठरवले होते. टोकामाक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचे निर्वात पात्र, ज्यात हायड्रोजनची जड समस्थानिके कोट्यवधी अंशांपर्यंत तापवली जातात आणि चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने भिंतींपासून दूर रोखून धरली जातात. हे यंत्र ब्रिटनमध्ये की पश्चिम जर्मनीतील गार्शिंग येथे, हा वाद दोन वर्षे रेंगाळला, आणि ऑक्टोबर 1977 मध्ये मोगादिशू विमानतळावर अपहृत जर्मन विमानातील ओलिसांची सुटका करण्यास ब्रिटिशांचे साहाय्य झाल्यानंतर काही दिवसांतच कल्हमची निवड झाली. दोन घटनांचा संबंध त्या काळापासून जोडला जातो, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. 1978 साली गावातील एका जुन्या अध्यापक महाविद्यालयाच्या वास्तूत शाळा सुरू झाली. जेटने 1983 मध्ये पहिला प्लाझ्मा निर्माण केला आणि 1997 मध्ये 16 मेगावॅट संमीलनशक्तीचा उच्चांक गाठला. परंतु 1999 च्या अखेरीस ते चालवणारा संयुक्त उपक्रम विसर्जित झाला, यंत्राचे संचालन ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाकडे गेले, आणि युरोपीय संघाच्या पगारपत्रकावरचे कर्मचारी ओसरू लागले. यंत्र चालू राहिले, शास्त्रज्ञ येत-जात राहिले, पण पहिल्या वर्गातील मुलांची संख्या घसरत गेली, आणि तिसऱ्या वर्गातील मुलांनी भरलेली शाळा ही कागदावर जवळजवळ बिनकारणाची शाळा ठरली.

नियामक मंडळाच्या निर्णयावर त्या वेळी बरीच आगपाखड झाली, पण मंडळाच्या बाजूने पाहिल्यास तो निर्णय अन्यायकारक होता असे म्हणता येत नाही. 2004 साली दहा नवे देश संघात आले, ब्रसेल्स आणि लक्झेंबर्ग येथील शाळांत हक्काच्या विद्यार्थ्यांनाच जागा पुरेनाशी झाली, आणि अशा वेळी ऑक्सफर्डशायरमधील डॉक्टर, प्राध्यापक आणि अभियंते यांच्या मुलांसाठी सर्व सदस्य देशांनी पैसा पुरवावा, याचे समर्थन कोणत्याही लेखापरीक्षकापुढे टिकले नसते. शिक्षकांच्या पगाराचाही जुना तंटा होताच : इंग्रजी शिकण्याची मागणी सर्व देशांच्या मुलांची, आणि इंग्रजीभाषक शिक्षक पाठवण्याचा बोजा मुख्यतः ब्रिटनवर. तरीही या हिशेबात एक गोष्ट निसटते. शाळेतील विविधता टिकून होती ती नियमाने दुय्यम ठरवलेल्या याच मुलांमुळे. भिन्नभाषी आईबापांची, कामानिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबांची ही मुले ‘उरलेल्या जागांवरची’ मानली गेली.

या शाळेने नेमके काय जपले होते हे समजण्यासाठी भाषाविभागांचा प्रश्न सविस्तर पाहिला पाहिजे, कारण सर्वाधिक गैरसमज त्याविषयीच आहेत. युरोपीय शाळेत मूल आपल्या मातृभाषेच्या विभागात दाखल होते, आणि त्या भाषेला पहिली भाषा म्हणतात. दुसरी भाषा, म्हणजे परंपरेने इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन, प्राथमिकच्या पहिल्या इयत्तेपासून सुरू होते. गणित आणि विज्ञान पहिल्या भाषेतच शिकवले जाते. माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षापासून इतिहास आणि भूगोल मात्र दुसऱ्या भाषेत, वेगवेगळ्या विभागांतील मुले एका वर्गात बसवून, शिकवले जातात. महाराष्ट्रातील सेमी-इंग्रजी पद्धतीशी ही मांडणी ताडून पाहावी. आपल्याकडे गणित आणि विज्ञान परभाषेत देऊन इतिहास-भूगोल मराठीत ठेवले, कारण करिअर हा एकच निकष समोर होता. तिकडे नेमके उलट केले, कारण तर्काची घडण मुलाच्या सर्वांत परिचित भाषेत व्हावी आणि इतिहास मात्र शेजाऱ्याच्या भाषेतून, शेजाऱ्याच्या मुलाच्या शेजारी बसून शिकावा, म्हणजे आपल्या राष्ट्राची गोष्ट ही एकमेव गोष्ट नाही हे आपोआप कळते, असा विचार होता. दोन महायुद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिढीने केलेली ही योजना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने आपल्या सेमी-इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक विचारपूर्वक आहे, असे येथे स्पष्टच नोंदवले पाहिजे.

या पद्धतीचे विरोधक तीन आक्षेप घेतात, आणि त्यांपैकी दोन दुबळे आहेत. विभागांमुळे एका छपराखाली समांतर शाळा तयार होतात, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर इतिहास-भूगोलाच्या मिश्र वर्गांत आणि प्राथमिक इयत्तांतील ‘युरोपीय तासां’त आहे, जेथे सर्व विभागांची मुले एकत्र काम करतात. ज्या मुलाच्या भाषेचा विभागच नाही त्याचे काय, हा दुसरा. अशा मुलाला दुसऱ्या एखाद्या विभागात बसवले जाते, पण त्याची मातृभाषा त्याला पहिली भाषा म्हणून स्वतंत्रपणे शिकवली जाते, आणि या मुलांसाठी व्यवस्थेत ‘विभागविहीन विद्यार्थी’ अशी वेगळी नोंदही असते. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मात्र झटकून टाकता येत नाही, कारण प्रत्येक विभागाला प्रत्येक विषयाचा त्या भाषेतला शिक्षक लागतो आणि वरच्या इयत्तांत मूठभर विद्यार्थ्यांसाठी तास लावावे लागतात. महाराष्ट्रातील संचमान्यतेच्या कोष्टकात असा वर्ग एक दिवसही तगला नसता. मातृभाषेच्या तत्त्वाविरुद्ध केलेला प्रत्येक युक्तिवाद शेवटी पैशाच्या युक्तिवादात जाऊन मिळतो, आणि तो पैशाचा म्हणूनच मांडला गेला असता तर निदान वादात प्रामाणिकपणा राहिला असता.

शाळा वाचवण्याचा मार्ग सापडला तो इंग्लंडमधील एका अगदी वेगळ्या हेतूने केलेल्या कायद्यात. 2010 च्या अकॅडमी कायद्याने पालकांच्या वा इतर गटांना ‘फ्री स्कूल’ स्थापण्याची मुभा दिली. ही शाळा शासनाच्या पैशावर चालते, स्थानिक परिषदेच्या नियंत्रणाबाहेर असते, आणि तिचा आधार म्हणजे धर्मादाय स्वरूपाचा न्यास व शिक्षणमंत्री यांच्यातील निधीचा करार. या योजनेवर ब्रिटनमधील शिक्षक संघटनांचा रोष होता, विशेषतः औपचारिक अर्हता नसलेल्यांनाही शिक्षक म्हणून नेमण्याच्या सवलतीवर, आणि सर्वसाधारण शाळांपुरता तो रास्तही म्हणता येईल. परंतु जर्मनी वा फ्रान्समध्ये शिकलेल्या शिक्षकांना आपापल्या भाषेत वर्ग घेऊ देण्यासाठी हीच सवलत सोयीची होती, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे बंधन नसल्यामुळे परकीय भाषेत अर्धा दिवस शिकवणे शक्य झाले. बदल्यात अट अशी की शुल्क घेता येत नाही आणि बुद्धिमत्तेची चाळणी लावता येत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये त्याच आवारात ‘युरोपा स्कूल युके’ सुरू झाली. जुनी शाळा खालच्या इयत्तांपासून रिकामी होत होती आणि नवी खालच्या इयत्तांपासूनच भरत होती, त्यामुळे काही वर्षे दोन भिन्न कायद्यांखालच्या दोन शाळा एकाच आवारात नांदल्या, आणि ऑगस्ट 2017 मध्ये जुनी शाळा बंद झाल्यावर संपूर्ण वास्तू नवीकडे आली. प्रशासनाच्या दृष्टीने हे हस्तांतर कौतुकास्पद आहे. एवढी वर्षे चिकाटीने बैठका, मसुदे आणि करार यांत गुंतून राहणाऱ्या पालकांचे नाव कोणत्याही वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही.

मात्र नव्या शाळेचे तत्त्व तेच राहिले नाही. तेथे मातृभाषेचे विभाग नाहीत. प्राथमिक इयत्तांत प्रत्येक मूल अर्धा वेळ इंग्रजीत आणि अर्धा वेळ फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश यांपैकी एका भाषेत शिकते. केवळ इंग्रजी बोलणाऱ्या स्थानिक कुटुंबातील मुलाला एक पैसा न भरता दुसरी भाषा खऱ्या अर्थाने अवगत होण्याची ही संधी असाधारण आहे, आणि शुल्काच्या भिंतीमागची जुनी शाळा ती देऊ शकत नव्हती. पण डच किंवा इटालियन घरातून आलेल्या मुलाची भाषा आता शाळेच्या मुख्य रचनेत नाही, ती घराची जबाबदारी झाली. विविधता संपली असे नव्हे, तिचा आधार बदलला : पूर्वी ती नियमावलीत लिहिलेली होती, आता ती कोण अर्ज करतो यावर अवलंबून आहे.

ब्रेक्झिटचा घाव बसला तो यानंतर, आणि तो शाळेवर नव्हे, प्रमाणपत्रावर बसला. युरोपीय बॅकालॉरिएट धारण करणाऱ्याला प्रत्येक सदस्य देशातील विद्यापीठात त्या देशाच्या स्वतःच्या शालान्त प्रमाणपत्रधारकाइतकाच प्रवेशाचा अधिकार असतो. ही मान्यता विद्यापीठांच्या मर्जीवर नसून युरोपीय शाळांच्या करारातच लिहिलेली आहे. ब्रिटनच्या निर्गमन कराराच्या 125 व्या कलमाने ब्रिटनवर हा करार संक्रमणकाळाच्या अखेरीस चालू असलेले शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत, बंधनकारक ठेवला. त्यानंतर शाळेने इंटरनॅशनल बॅकालॉरिएट स्वीकारले. जिनिव्हा येथे 1968 साली स्थापन झालेल्या संस्थेची ही परीक्षा प्रतिष्ठित आहे, भारतीय विद्यापीठ संघही तिला बारावीशी समकक्ष मानतो, पण तिची मान्यता देशोदेशी स्वतंत्रपणे मिळवावी लागते. नावातले साधर्म्य पाहून दोन्ही परीक्षा एकच समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत शिक्षण पुरवण्या लिहिणारे पत्रकारही येतात.

महाराष्ट्रात ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण वातानुकूलित वर्ग आणि वार्षिक शुल्क यांच्याशी जोडले गेले आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांना त्या दर्जाचा अभ्यासक्रम देण्यासाठी 2018 साली काढलेले राज्याचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ अनेकांना विसंगत वाटले. सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ते गुंडाळण्याचा निर्णय झाला. त्या मंडळाची गुणवत्ता हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की त्याच्या शाळांतील मुलांच्या अभ्यासक्रमाला शासननिर्णयापलीकडचा आधार नव्हता, आणि शासननिर्णय दुसऱ्या शासननिर्णयाने रद्द होतो. कल्हममधील मुलांना मुदत मिळाली, कारण आंतरराष्ट्रीय करार एका अधिवेशनात मोडता येत नाही आणि बंद करण्याचा निर्णयही दहा वर्षांत विभागून अमलात आणावा लागला. आपली शाळा वाचवू पाहणाऱ्या पालकांनी निवेदनावर सह्या गोळा करण्याआधी शाळेची मान्यता कोणत्या दस्तऐवजावर उभी आहे आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे कागद मागवून वाचावे, ही विनंती आहे.

जेटने डिसेंबर 2023 मध्ये आपला शेवटचा प्रयोग केला. ज्या यंत्रासाठी शाळा काढली गेली होती ते थांबले, आणि शाळा चालू आहे.