पाव मैलाचे रिंगण

पाव मैल म्हणजे साधारण ४०० मीटर. हे अंतर मला पुस्तकातून नव्हे, पायांनी ठाऊक आहे. दरवर्षी शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की मैदानावर फक्की मारून एवढे रिंगण आखण्याचे काम माझ्याकडे येते. दोरी, खुंट्या आणि फक्कीची पाटी घेऊन मी आणि आमचे शिपाईमामा निम्मा दिवस वाकलेले असतो. त्या रिंगणात मुले धावतात, आणि एक गोष्ट मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. १०० मीटरची सरळ धाव संपली की मुले धापा टाकीत निमूटपणे आपापल्या रांगेत जाऊन बसतात. भांडणे होतात ती गोल धावेत. "सर, ह्यानं कोपर मारलं." "सर, हा माझ्या आडवा आला." सरळ रेषेत माणूस माणसाच्या शेजारून निघून जातो, वर्तुळात त्याला दुसऱ्याच्या वाटेत यावेच लागते.

मुलांच्या या तक्रारींना मी आजवर फारसे महत्त्व दिले नव्हते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेत गेलो, तिथे बरोबर एवढ्याच रिंगणात मोटारींची रात्रीची शर्यत पाहिली, आणि त्या तक्रारींत किती अर्थ भरलेला आहे ते ध्यानात आले.

माझा भाचा उत्तर कॅरोलायना राज्यात, राले शहराजवळ नोकरीला आहे. त्याच्या घरचे आणि त्याच्या चुलत्याचे सामाईक विहिरीवरून बिनसले त्याला नऊ वर्षे झाली. ज्या काकाने त्याला मांडीवर बसवून ट्रॅक्टरचे चाक धरायला शिकवले, त्या काकाशी तो तेव्हापासून बोलत नाही. परदेशी गेला तो नोकरीसाठीच; पण जाताना या एका जाचातून सुटल्याचे समाधानही त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले होते.

त्या शनिवारी दुपारी तो म्हणाला, "मामा, चला. तुम्हाला इथली जत्रा दाखवतो." आम्ही विन्स्टन-सेलम गावाच्या रस्त्याला लागलो. दोन तासांपेक्षा थोडी कमीच वाट. रस्ता असा सरळ आणि रुंद, की आपण चाललो आहोत हेसुद्धा विसरावे. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "इथलं मला हे आवडतं बघा. कुणाचं तोंड बघावं लागत नाही. नको असलेला माणूस मागं पडला, की मागंच पडतो."

मी काही बोललो नाही. परक्या देशात परक्या गाडीत बसलेल्या मामाने उपदेश करू नये, एवढे मला कळते.

विन्स्टन-सेलम हे तंबाखूचे गाव. गावाच्या नावातल्या दोन्ही शब्दांच्या सिगारेटी निघाल्या, आणि ज्या क्रीडांगणावर आम्ही गेलो ते बोमन ग्रे स्टेडियमही तिथल्या रेनॉल्ड्स तंबाखू कंपनीच्या एका अध्यक्षाच्या नावाचे आहे. १९३७ साली, महामंदीच्या दिवसांत, लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने जी बांधकामे काढली त्यांतले ते एक. आपल्याकडे दुष्काळी कामावर पाझर तलाव झाले, तसे तिथे हे झाले. घोड्याच्या नालासारखी बसायची जागा, सतरा हजार माणसे मावतील एवढी. मध्ये फुटबॉलचे हिरवे मैदान आणि त्याच्याभोवती पाव मैलाची सपाट डांबरी वाट. या वाटेवर १९४९ च्या मे महिन्यापासून उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री मोटारींच्या शर्यती होत आल्या आहेत.

'स्टॉक कार' म्हणजे खास शर्यतीसाठी न घडवलेली, दुकानात विकायला ठेवलेल्या मालातली गाडी. निदान मूळचा अर्थ तसा. आता त्या शर्यतीसाठीच बांधतात. नाव तेवढे जुने राहिले आहे. या खेळाच्या कुळात हातभट्टीचा मोठा वाटा आहे. कॅरोलायनाच्या डोंगरांतली चोरटी दारू रात्री शहरात पोचवणारी पोरे पोलिसांच्या पुढे गाड्या पळवीत. दिसायला साधी मोटार, आतले इंजिन मात्र जबरदस्त. मग यांच्यात शर्यती लागू लागल्या. १९४८ साली 'नॅसकार' ही संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिने दुकानी गाड्यांची पहिली शर्यत घेतली. पहिला आला ग्लेन डनवे. पण तपासणीत त्याच्या गाडीचे मागचे पाटे जास्त ताठ केलेले निघाले. दारूच्या ओझ्याने गाडीची मागची बाजू बसू नये म्हणून केलेली ती करामत! डनवे बाद झाला आणि जिम रोपर विजयी ठरला. पहिल्याच परीक्षेचा निकाल असा फिरवावा लागला, हे वाचून माझ्यातल्या मास्तराला हसू आले.

आठ वाजून गेले तरी आभाळात उजेड होता. मग हळूहळू अंधारले, विजेचे दिवे उजळले आणि ते रिंगण एखाद्या रंगमंचासारखे झगमगू लागले. बायका मुलांना खायला देत होत्या, म्हातारे कानांवर जाड आवरणे चढवून बसले होते. एक आजोबा नातवाला बोटाने गाड्या दाखवीत होते. शब्द कळत नव्हते, पण 'हा आपला, तो त्यांचा' एवढे मी बोटावरून ओळखले. हे नाते कसले, ते आपल्याकडच्या बैलगाड्याच्या घाटात ज्याने सकाळ काढली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

तरी घाटात आणि इथे एक मोठा फरक आहे. आमच्या पुणे जिल्ह्याच्या घाटात एक गाडा सुटतो, घड्याळाशी स्पर्धा करतो आणि मोजक्या सेकंदांत माथ्यावर पोचतो. त्याच्या वाटेत दुसरा गाडा नसतो. इथे वीस-बावीस मोटारी एकाच वेळी त्या चिमुकल्या वर्तुळात सोडल्या होत्या. पहिला गडी काही फेऱ्यांतच शेवटच्याच्या पाठीशी येतो, आणि मग पुढे कोण आणि मागे कोण हे नवख्याला उमगत नाही.

सर्वांत वरच्या गटाच्या गाड्यांना 'मॉडिफाइड' म्हणतात. ठेंगण्या, मडगार्ड नसलेल्या, रुंद चाके बाहेर काढून बसलेल्या खेकड्यांसारख्या. एक फेरी तेरा-चौदा सेकंदांत होते. सरळ वाट इतकी थोडी, की वेग घेतो न घेतो तोच वळण येते. वळणे फक्त डावीकडे. अंधारात चाकांच्या आतले ब्रेक तापून लाल झालेले दिसत. वाट सपाट असल्यामुळे आतली कड धरणाऱ्याचे अंतर वाचते, म्हणून प्रत्येकाला तीच हवी. बाहेरून पुढे जाणे फार कठीण. मग एकच उपाय उरतो. पुढच्याला मागून हलकी ढुशी द्यायची, तो बोटभर बाहेर सरकला की आत घुसायचे. ढुशी हलकी बसली तर प्रेक्षक टाळ्या देतात. जोराची बसली तर पुढचा गर्रकन फिरतो, पिवळा झेंडा पडतो, आणि निम्मे स्टेडियम उभे राहून ओरडू लागते. लोकांनी या जागेला 'वेड्यांचा वाडा' अशा अर्थाचे टोपणनाव दिले आहे ते उगीच नव्हे.

त्या रात्री एका पांढऱ्या गाडीने एका निळीला अशीच लोळवली. निळी हिरवळीत शिरली, चिखल उडवून पुन्हा वाटेवर आली. भाचा म्हणाला, "आता बघा, ती सोडणार नाही." फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. निळी कितीतरी मागे होती. पण मागे असणे म्हणजे दूर असणे नव्हे! पांढरी सगळ्यांना मागे टाकीत आली आणि ज्याला तिने लोळवले होते त्याच्याच शेपटाशी येऊन ठेपली. आता तिला त्याच्याचकडून वाट हवी होती.

निळीने दोन फेऱ्या वाट दिली नाही. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. तिसऱ्या फेरीला ती थोडीशी बाहेर सरकली. का, ते तिच्या चालकालाच ठाऊक. कदाचित त्याने हिशेब पुढच्या शनिवारवर टाकला असेल. कदाचित पांढऱ्याच्या चालकाशी सोमवारी सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गाठ पडायची असेल. हे चालक बहुतेक कामकरी माणसे. आठवडाभर पोटाचा उद्योग करायचा आणि शनिवारी गाडीत बसायचे. कित्येकांच्या पिढ्या याच वाटेवर गेल्या. बिली मायर्स १९५८ साली इथेच, गाडीत असतानाच, हृदयविकाराने गेला. त्याचा भाऊ बॉबी आदल्या वर्षी डार्लिंग्टनच्या शर्यतीत गेला होता. बिलीचे नातू बर्ट आणि जेसन पुढे याच रिंगणात नाव काढून बसले.

मी कादंबऱ्या लिहितो त्या खेड्यातल्या. पात्र गाव सोडून गेले की माझे कथानक विरते, हा माझा जुना अनुभव. त्याचे कारण मला त्या पांढऱ्या-निळ्या गाड्यांनी सांगितले. गाव म्हणजे पाव मैलाचे रिंगण. ज्याला ढुशी दिली तो पिठाच्या गिरणीत भेटतो, एसटीच्या थांब्यावर भेटतो, मर्तिकाला शेजारी उभा राहतो. तिथे माणसे चांगली असतात म्हणून सांभाळून घेतात असे नाही. उद्या त्याच वळणावर पुन्हा गाठ आहे, म्हणून सांभाळून घेतात.

पण म्हणून रिंगणात सगळ्यांना न्याय मिळतो असे म्हणू लागलो तर ते खोटे होईल. याच वाटेवर ६ ऑगस्ट १९७१ च्या रात्री त्या मायर्स बंधूंच्या स्मरणार्थ २५० फेऱ्यांची शर्यत झाली. गाड्या कमी पडत म्हणून त्या वर्षी मोठ्या गटाच्या काही शर्यतींत लहान गटाच्या गाड्यांनाही घेत. बॉबी ॲलिसन लहान गटाची मस्टँग घेऊन उतरला आणि सर्वांच्या पुढे आला. दुसरा आला रिचर्ड पेटी, ज्याने १९६९ साली आपला शंभरावा विजय याच ठिकाणी मिळवला होता. मात्र गाडी लहान गटाची म्हणून ॲलिसनचा विजय त्याच्या खात्यावर मांडला नाही, आणि पेटीलाही तो दिला नाही. हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या शर्यतीला दप्तरी विजेताच नव्हता! तो विजय ॲलिसनच्या नावावर लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्रेपन्न वर्षांनी. त्याचे ८४ विजय होते ते ८५ झाले. तेव्हा त्याचे वय ८६ होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ नोव्हेंबरला तो वारला.

त्याला निदान ऐकायला तरी मिळाले. वेंडेल स्कॉटला तेही पुरते मिळाले नाही. हा व्हर्जिनियाचा कृष्णवर्णीय चालक. आपली गाडी आपणच दुरुस्त करायचा. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या वाटेवर तो पहिला आला. चौकड्यांचा झेंडा मात्र दाखवला गेला बक बेकरला, आणि करंडकही त्यालाच मिळाला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे अधिकाऱ्यांनी मान्य केले आणि स्कॉटला विजयी ठरवले. फेऱ्या तेव्हा माणसे हाताने मोजीत. पण दोन फेऱ्यांनी पुढे असलेला माणूस दिसू नये, ही चूक नुसत्या बोटांची होती यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. स्कॉट १९९० साली वारला. त्याच्या विजयाचा करंडक नॅसकारने त्याच्या घरच्यांच्या हाती दिला तो २०२१ साली.

वर्षानुवर्षे हजेरीपट आणि निकालपत्रके भरणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. वही सोमवारी उघडता येते, पुढच्या वर्षी उघडता येते, त्रेपन्न वर्षांनीही उघडता येते. ज्याची नोंद करायची तो माणूस तोवर बाकावर बसलेला असेलच, याची हमी कोणी देत नाही. फेरी पुन्हा येते खरी. पण फेऱ्या मोजक्या असतात.

या दोन्ही हकिकती मी परतीच्या वाटेवर भाच्याकडूनच ऐकल्या. शर्यतीची इतकी माहिती त्याने कधी मिळवली, मला नवल वाटले. बोलता बोलता तो थांबला. रात्रीचे साडेअकरा झाले असावेत. कानांत अजून इंजिनांचा घरघराट होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले,

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघे धरलेत. विहिरीवर येतात काठी टेकीत."

"पाण्याचं काय झालं मग शेवटी?"

"काय होणार? एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस तुझ्या वडिलांची. मोटर बंद करायला एक जातो तेव्हा दुसरा चालू करायला आलेला असतो."

"बोलतात?"

"लाईट गेली का, एवढं विचारतात एकमेकांना."

तो हसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "फोन नंबर तोच आहे का काकांचा?"

"तोच," मी म्हटले.