उसनवारीचे गाव

मुंबईत वरळीच्या जांबोरी मैदानाभोवती हिंडताना करड्या, ठोकळेबाज बी.डी.डी. चाळी दिसतात. १९२०च्या दशकात सरकारने त्या बांधल्या; वरळीत अशा १२१ उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध लांबलचक बोळ, खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत माणसे कशीबशी मावत. सामान कुठून मावणार? म्हणून संसार खोलीत आणि संसाराचे सामान मजलाभर!

माझी आत्या तिथे राहत असे. तिच्याकडे सोऱ्या नव्हता, पण दिवाळीच्या चकल्या कधी चुकल्या नाहीत. सोऱ्या समोरच्या काकूंचा. परत जाताना त्याच्यासोबत बशीभर चकल्या जात. रिकाम्या हाताने भांडे परत करायचे नाही, हा तिथला अलिखित कायदा. पाळणा तर मजल्यात एकच. त्यात किती पोरे निजली, हे त्या पाळण्यालाच ठाऊक! थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा शेजारच्याला. जुन्या लुगड्यांची गोधडी होई आणि उरलेसुरले कपडे बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्यांचे स्टीलचे पातेले घरात येई. त्यासाठी तासभर घासाघीस चाले. बोहारीण रागाने उठे, जिन्यापर्यंत जाई आणि परत येऊन बसे.

हे सारे फुकट, असे कोणी म्हणेल. पण मराठीत त्याला निराळा शब्द आहे, उसने. फुकटाचा व्यवहार हातोहात संपतो. उसन्याचा तिथून सुरू होतो. त्याची किंमतही मोजावी लागे. दार सताड उघडे, तेव्हा घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे सगळ्यांना कळे. महिनाअखेरीस साखरेसाठी वाटी घेऊन निघताना आत्याची पावले जड होत, हे मी पाहिले आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, संडास घरातला. पहाटे रांगेत उभे राहिलेल्या माणसालाच त्याचे मोल कळेल. चाळीचे गोडवे गाऊन ते सुख कोणी हिणवू नये. मात्र मोठ्या घरांत आपणा सर्वांचेच जे होते, ते तिथेही होईल. घरोघरी सोऱ्या येईल, शिडी येईल आणि वर्षातले तीनशेसाठ दिवस माळ्यावर धूळ खाईल. बंद दाराची घंटा वाजवून "जरा तुमची शिडी देता का?" असे विचारायला जीभ रेटत नाही. वस्तू परवडू लागल्या, मागणे परवडेनासे झाले!

तेव्हा या दिवाळीत घरात सोऱ्या असला तरी शेजारच्या वहिनींकडे मागून पाहावा. त्या आधी चकित होतील, मग बसा म्हणतील. आणि परत करताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हे काही वेगळे सांगायला नको.