गाय अडली आहे, बोला!

कॅनडातल्या रेजिनात उणे तीसची थंडी पडली की माणसं घरात कोंडतात आणि बोलणी लांबतात. या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या मराठी घरात विषय एकच, थोरलीची कॉलेजप्रवेशाची मुलाखत. पोरीला गुरांची डॉक्टर व्हायचंय. कॉलेज सास्काटूनला, उत्तरेकडे अडीचशेहून जास्त किलोमीटरवर. १९६५ साली तिथे पहिली तुकडी बसली. एवढ्या अवाढव्य देशात अशी कॉलेजं अवघी पाच!

अकोल्याची आजी फोनवर विचारते, "मार्क चांगलेत ना? मग बोलायचं कशाला?" आजीचं काय चुकलं? आपलं परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ पासूनचं. आज तिथे शिरायचं तर 'नीट'चे गुण हवेत आणि यादीत नाव. अडलेल्या गायीच्या धन्याशी कसं बोलाल, हे दारात कुणी विचारत नाही.

इकडे तेच विचारतात. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने माणसांच्या डॉक्टरांसाठी काढलेली मुलाखतीची एक रीत आता बरीच पसरली आहे. दारावर लावलेला प्रसंग वाचायचा, क्षणभर विचार करायचा, आत जाऊन बोलायचं. घंटा झाली की पुढचं दार.

सरावाला शेतकरी मी. "गाय अडलीय. पोट फाडून वासरू काढायचा खर्च मला झेपत नाही. बोल!" यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मला प्राणी फार आवडतात." आवडतात, छान. पण गाय बोलत नाही. बोलतो तिचा धनी. पैसे तोच मोजतो आणि उपचार करायचे की नाही, जगवायची की झोपवायची, यावर शेवटचा शब्दही त्याचाच. त्या चिडलेल्या, रात्रभर जागलेल्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. मग आम्ही भांडलो. तिची आई चहा ठेवून निघून गेली.

घर शाकाहारी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी, आणि इथे सास्कॅचवनात गुरं पाळतात ती मुख्यतः मांसासाठी. मी मुद्दाम तिथेच बोट ठेवलं. "जे उद्या कापायला जाणार, ते आज बरं कशाला करायचं?"

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "काका, जाईपर्यंत ते माझं पेशंट आहे."

या एका उत्तरावरून मी पाठ केलेली शंभर उत्तरं ओवाळून टाकेन.

अडचण वेगळीच निघाली. गेल्या विणीच्या हंगामात ती एका गोठ्यावर राबली. रात्री दोनला, साखळ्या लावून, अडलेली वासरं ओढून काढायला हात लावला. विचारलं तर म्हणते, "थोडी मदत केली." स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, हे आपणच शिकवलेलं. मुलाखतीत मात्र जे केलं ते सांगावंच लागतं, आणि खरं सांगणं म्हणजे बढाई नव्हे.

तुमच्या घरी असं पोर असेल तर त्याच्या हाती उत्तरांची वही देऊ नका. समोर बसा, अडलेल्या गायीचे धनी व्हा आणि मनापासून भांडा.