नातीचे डाकोटा

कुर्ला, जरीमरी, साकीनाका, घाटकोपर या बाजूला राहणाऱ्या आपल्या माणसांना विमानाचे नवल राहिलेले नाही. डोक्यावरून विमान गेले की बोलणे तेवढ्यापुरते थांबवायचे आणि आवाज विरला की पुढे चालू करायचे, ही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. वस्तीतली पोरे तर नुसत्या आवाजावरून विमान लहान की मोठे ते सांगतात. पण त्यातल्या किती पोरांना विमानाचा पंख आतून कसा असतो, शेपूट कशासाठी असते हे ठाऊक आहे? वर विमान आणि खाली आपण, एवढाच संबंध. म्हणून माझी सात वर्षांची नात जेव्हा म्हणाली, "आजोबा, मला विमान बनवायचंय," तेव्हा मला बरे वाटले. विकत घ्यायचंय असे ती म्हणाली नव्हती.

सुटे भाग जोडून करायची प्लास्टिकची विमाने डब्यात मिळतात. मुलाने मोबाइलवर दोन डब्यांची चित्रे दाखवली. एक होते लढाऊ मिग आणि दुसरे जुने डाकोटा. मुलाचा ओढा मिगकडे. माझी पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, "घरात बुद्धाची मूर्ती आहे. पोरीचं पहिलंच विमान बॉम्ब टाकणारं कशाला?"

मुलगा म्हणाला, "आई, आपली माणसं फौजेत होतीच की. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते."

"होते ना. पण रामजीबाबांनी लेकाच्या हातात पुस्तक दिलं, बंदूक नाही दिली."

यावर कोणी काही बोलले नाही. डाकोटा आले.

खरे म्हणजे डाकोटानेही फौजा वाहिल्या आहेत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला आपले सैनिक उतरले ते डाकोटातूनच. पण मुळात ते उतारू नेणारे विमान. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रथम उडाले. आपल्याकडे १९५३ साली इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली तेव्हा तिच्या ताफ्यातही डाकोटा मोठ्या संख्येने होती. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २९ मीटर भरतात. आमचे विमान त्याच्या १४४ व्या हिश्शाचे. नातीला पट्टी दिली. पंख भरले २० सेंटिमीटर. मग मोबाइलवर २० ला १४४ ने गुणून तिने २८८० सेंटिमीटर काढले, म्हणजे जवळजवळ २९ मीटर. हा हिशेब तिने चाळीतल्या चार घरी जाऊन सांगितला.

मुलगा मला म्हणाला, "अण्णा, तुम्हीच जोडा आणि रंगवा. तुमच्यासारखं सुबक तिला कुठं जमणार?" माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात रंगकामात माझी नोकरी गेली, म्हणून तो तसे म्हणाला. पण सुबक विमान हवे असते तर तयारच आणले असते. आजकाल शाळेचा प्रोजेक्टसुद्धा दुकानात तयार मिळतो. मूल तो उचलून नेते, गुण मिळवते आणि त्यातले एकही काम त्याच्या हाताला येत नाही. मी घरात नियम केला. धारदार पाते आणि चिकटवायचे सोल्यूशन माझ्याकडे. बाकी सगळे तिच्या हाताने. खिडकी सतत उघडी, कारण सोल्यूशनचा वास डोक्यात जातो.

वाचकांपैकी कोणी हे करणार असेल तर कामाची रीत सांगतो. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला काड्यांनी जोडलेले येतात. आधी चौकटीसकट साबणाच्या पाण्याने धुवून घ्यावेत. साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग ओढून तोडू नये, नेलकटरने कापावा आणि उरलेला कोंब बारीक पॉलिश पेपरने घासावा. सोल्यूशन लावण्याआधी दोन्ही भाग कोरडेच एकमेकांवर बसवून पाहावेत. हे सोल्यूशन साध्या गोंदासारखे नसते. ते प्लास्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करते. म्हणून थेंबभरच पुरते, आणि चुकीचे चिकटले तर सुटत नाही. फट राहिली तर थोडी लांबी भरावी आणि वाळल्यावर घासावी.

उजवा पंख बसवताना नातीचा हात हलला आणि पंख टोकाकडे जरा वर गेला. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पंखाखाली काड्यापेटी टेकवायला तिला शिकवले आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही असे सांगितले. पंख अजूनही केसभर वर आहे. तो तसाच राहणार.

अमेरिकेतल्या राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी १८७८ साली एक खेळणे आणून दिले होते. बांबू, बूच आणि कागदाचे, रबराच्या पिळावर वर उडणारे. पुढे या भावांनी सायकलचे दुकान काढले. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेला १२ सेकंद उडाले आणि १२० फूट गेले. आमच्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तेवढेच अंतर आहे. तिथे चालत जाऊन मी नातीला ते दाखवले.

हाताचे कसब आपल्या समाजाला नवे नाही. दोरखंड वळणारे, चामडे कमावणारे, रेल्वेत आणि गिरणीत यंत्रे सांभाळणारे हात आपलेच होते. पण त्या हातांना विद्येची जोड मिळू दिली गेली नाही. काम एकाकडे आणि त्या कामामागचे शास्त्र दुसऱ्याकडे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन दिले. आपल्या मुलांना विज्ञानाचे आणि तंत्राचे शिक्षण घेता यावे, परदेशीही जाता यावे, म्हणून त्यांनी सरकारकडे पैसा मागितला. आपल्या पोरांनी फक्त कारकून व्हावे एवढेच त्यांच्या मनात नव्हते.

रंगाच्या दिवशी मात्र आमचे वाजले. डब्यावरचे विमान चंदेरी होते. नातीला निळेच हवे होते. "विहारावरच्या झेंड्यासारखं." मी म्हटले, तुझे विमान, तुझा रंग. पण पद्धत माझी. आधी अस्तराचा हात, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग निळ्याचा पातळ हात, पुन्हा वाळवायचे, मग दुसरा हात. मुलांसाठी पाण्यात मिसळणारा रंगच घ्यावा, थिनरचा नको. जाड रंग एकदम लावला की ओघळ येतात. तिने एका बाजूला जाड लावलाच आणि ओघळ आला. वाळल्यावर तो घासून पुन्हा रंगवताना ती पुटपुटली, "पातळ, पातळ." तो शब्द मला तिला पुन्हा सांगावा लागला नाही.

रंग वाळेपर्यंत दोघांनाही बसून राहावे लागते. त्या वेळात मी तिला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते गिरणी कामगार. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले. माझे वडील पाळी सोडून सांताक्रूझला गेले होते. विमान येईपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. हजारो माणसे थंडीत उभी होती. तिथून राजगृह, आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटी. वडील सांगत, आयुष्यात ते विमानाची वाट पाहत एकदाच उभे राहिले, ते त्या रात्री.

नातीने ऐकून घेतले. मग विचारले, "बाबासाहेबांना खिडकीजवळ जागा दिली होती का?"

मला उत्तर सुचले नाही. पत्नीने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, "तू खिडक्या नीट रंगव." तिने त्या काड्यापेटीच्या काडीच्या टोकाने एक एक करून पांढऱ्या रंगवल्या.

ज्यांना डब्याचे पैसे परवडत नाहीत त्यांनी निराश होऊ नये. जुना पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, खळ आणि उरलेला रंग एवढ्यातही विमान होते. नाकाला थोडी माती लावून वजन साधले तर ते उडतेही. आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर मुले थांबतात, त्यांना आता पुठ्ठ्याचे विमान शिकवायचे ठरले आहे. कात्री मोठ्यांनी धरावी. बाकीचे काम मुलांचे मुलांना करू द्यावे, वाकडे झाले तरी.