माहेरचं कुत्रं, सासरचा पाऊस

"वहिनी, तुमच्यासाठी पिल्लू राखून ठेवलंय. अकिता आहे, जपानी! नाही म्हणायचं नाही हं!"

पुण्याहून वन्संचा फोन आला तेव्हा मी चुलीपुढे कुळथाची पिठी ढवळत होते. फोनवर पिल्लाचा फोटोही आला. कापसाचा गोळाच जणू! तांबूस अंग, पांढरं पोट, शेपटीचा पाठीवर वेढा. सासूबाईसुद्धा चष्मा लावून कौतुकानं बघू लागल्या. आमचे हे तर पिल्लाला झोपायला कुठली खोली द्यायची तेही ठरवून मोकळे झाले.

पण मैत्रिणींनो, मला काही 'हो' म्हणवेना, आणि 'नाही' म्हणायलाही जीभ उचलेना. देणारी नणंद, देणगी मोलाची आणि प्रेमानं दिलेली. अशा वेळी सुनेनं नकार द्यायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको! पण मला रेशमा आठवली.

रेशमाची गोष्ट सांगायची तर आधी माहेरचं सांगायला हवं. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. सगळा उघडा माळ. पाऊस इतका कमी, की आभाळात ढग दिसला तरी माणसं अंगणात येऊन उभी राहतात. या भागातल्या वाड्यावस्त्यांवर एक कुत्रं हमखास दिसतं. उंच, सडपातळ, लांब निमुळत्या तोंडाचं, छाती खोल आणि कंबर मुठीत मावेल एवढी. हे आमचं कारवानी. व्यापाऱ्यांच्या, भटक्या लोकांच्या कारवानांबरोबर याचे पूर्वज अरबस्तान-मध्य आशियाकडून इकडे आले, असं जुनी माणसं सांगतात. नावही त्यावरूनच पडलं.

याच कुत्र्याला सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी या जातीची नीट जोपासना केली, आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. गंमत बघा, श्वानप्रेमींच्या एका राष्ट्रीय संस्थेच्या वहीत याचं नाव कारवान हाउंड आहे, तर दुसरीच्या वहीत मुधोळ हाउंड! १९५६ पर्यंत मुधोळ आणि जत दोन्ही मुंबई राज्यातच होती. पुढे राज्यांची सीमा मधून गेली, आणि कुत्र्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही.

पण खरी दोन रूपं आहेत ती नावाची नव्हेत, केसांची. कारवानीचे केस आखूड, अंगाला चिकटून बसलेले. हात फिरवला तर पाटी पुसल्यासारखा सरळ जातो. दुसरं रूप पश्मीचं. फारसीत पश्म म्हणजे लोकर. आपल्या पश्मिना शालीचं नावही त्यातलंच. पश्मीची हाडापेराची ठेवण तीच, पण कानांवर, शेपटीवर, पायांच्या मागच्या बाजूला रेशमासारखे लांब केस. पळायला लागली की झालर उडाल्यासारखी दिसते. आमच्या अण्णांकडे एकदा कारवानीच्याच पोटी पाच पिल्लांत एक पश्मी निघालं होतं. अरबी सलुकी हे यांचंच दूरचं भावंड समजतात. तिच्यातही गुळगुळीत आणि झालरीची अशी दोन्ही पिल्लं असतात, आणि ती एकाच जातीची धरतात.

सहा वर्षांपूर्वी मी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा अण्णांकडे दोन पिल्लं होती. एक कारवानी आणि एक पश्मी. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला कुत्रं हवंच होतं. मी दोघांना शेजारी बसवून साडी निवडावी तशी निवडत बसले. याचे कान बघ, तिची शेपूट बघ, कुणाचा रंग अंगणात उठून दिसेल! शेवटी झालरीला भुलले आणि पश्मी उचलली.

अण्णा म्हणाले, "पोरी, केसाचं काय घिऊन बसलीस? काळीज दोगांचं बी एकच हाय, पळायचं. तुज्या अंगणात कुटं पळंल ती? आन् पाऊस किती तुज्याकडं!"

मी हसण्यावारी नेलं. मीही माळावरचीच होते, आणि मालवणात रुळलेच होते की!

पहिले सहा महिने कौतुकात गेले. मुलानंच तिचं नाव रेशमा ठेवलं. सासूबाईंना तेवढी तिच्या बरगड्यांची काळजी. येणारीजाणारी माणसं बघतात ना! "काय गो, ह्या कुत्र्याक पोटभर घालणस नाय काय?" असं रोज विचारायच्या, आणि मागल्या दारी तिला पेज घालायच्या. त्यांना समजावता समजावता मी थकले, की या जातीच्या दोन-तीन बरगड्या दिसायच्याच. दिसल्या नाहीत तर ते कुत्रं लठ्ठ झालं असं समजायचं.

मग मृगाचा पाऊस लागला. आपल्या कोकणातला पाऊस काय, तो एकदा आला की पाहुण्यासारखा चार दिवसांत जात नाही. रेशमाच्या झालरी दिवसभर ओल्या. कान आधीच पडलेले, त्यावर केसांचं ओझं; आत वारा म्हणून लागेना. आषाढ संपता संपता दोन्ही कान आतून लाल झाले, बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरली. जनावरांच्या डॉक्टरांनी औषधं दिली, कानांवरचे आणि बोटांमधले केस कापायला लावले. बाहेरून आली की जुन्या पंच्यानं पाय कोरडे करायचे, निजायला गोणपाटाऐवजी जमिनीपासून वर उचललेली फळी द्यायची, हेही त्यांनीच शिकवलं. नसबंदीच्या वेळी त्यांनी आणखी एक सांगितलं. ज्यांच्या घरी असं शिकारी बांध्याचं कुत्रं असेल त्यांनी लक्षात ठेवा. यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधं उतरायला जास्त वेळ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी.

ज्या झालरींसाठी मी तिला आणली, त्या अशा कात्रीनं गेल्या. मी मनात म्हटलं, चुकलंच, कारवानी आणायला हवं होतं.

पण ही समजूतही चुकीचीच होती, हे श्रावणात कळलं.

ही कुत्री नाकानं नव्हे, डोळ्यानं शिकार करणारी. लांबवर काही हललं की पाय सुटलेच. माळावर ती सशामागे धावायची, म्हणून शेकडो वर्षं माणसांनी राखली. आज ससा मारणं कायद्यानं गुन्हा आहे, पण कुत्रीला कायदा कोण सांगणार? एके दिवशी दुपारी मी शाळेतून येते, तर शेजारच्या काकी आमच्या दारात उभ्या. पदरात त्यांची मांजरी गुंडाळलेली. बारा वर्षांची मांजरी, काकींच्या एकट्या घरातली तीच सोबत. गडग्यावरून उडी मारून पळत होती. रेशमानं तिला दहा पावलांत गाठलं.

काकी ओरडल्या नाहीत. "आता बांधून ठेव हो तिला," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून रेशमाच्या गळ्यात साखळी आली. सकाळ-संध्याकाळ हे किंवा मी तिला दोरीला धरून फिरवून आणायचो. पण जी वाऱ्याशी शर्यत लावायला जन्मली तिला दोरीनं धरून किती फिरवणार? ती भुंकेना, खाईना. खांबाभोवती गोल फिरून फिरून शेणाच्या जमिनीवर तिनं चाकोरी पाडली. मुलगा तिच्याशेजारी बसून पुस्तक वाचायचा.

त्या दिवाळीत मी तिला घेऊन फोंडा घाटानं माहेरी निघाले. मुलानं यायला नकार दिला. जतला गाडीतून उतरून मी दोरी सोडली, तशी ती क्षणभर उभी राहिली, आणि मग पळाली. मैत्रिणींनो, ते पळणं मी कधी विसरणार नाही. पाठीची कमान व्हायची आणि उलगडायची, चारही पाय जमिनीवरून उचललेले. वर्षभर माझ्या घरात असून मी तिला खऱ्या अर्थानं पाहिलंच नव्हतं. मागं तिचा कारवानी भाऊ धावत होता. लांबून दोघांत कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं. अण्णा बाजूला उभे होते, पण "मी सांगत नव्हतो?" असं म्हणाले नाहीत. घरी परतल्यावर मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी दोघांतला फरक बघत बसले होते, आणि दोघांत जे सारखं होतं तेच बघायचं राहून गेलं. केसांमुळे कान बिघडले, हे खरं. पण साखळी आली ती पळण्यामुळे, आणि पळणं कारवानीतही तेवढंच होतं.

वन्संचा फोन ठेवल्यावर मी अकिताची माहिती काढायला बसले. बघते तर तिथंही तीच कथा! अकिता हा जपानच्या उत्तरेकडला बर्फाचा मुलूख. मालकाच्या मृत्यूनंतरही टोकियोच्या शिबुया स्टेशनवर १९३५ पर्यंत त्याची वाट बघणारा हाचिको याच जातीचा. १९३७ साली हेलन केलर जपानला गेल्या तेव्हा त्यांनाही असंच पिल्लू भेट मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात ही जात जवळजवळ संपली. काहींनी वाचवण्यासाठी जर्मन शेफर्डशी संकर केला. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्यातली थोराड, अस्वलासारख्या डोक्याची कुत्री मायदेशी नेली. जपान्यांनी मात्र निवडून निवडून कोल्ह्यासारख्या तोंडाचं आपलं जुनं रूप परत आणलं. जपानी अकिता थोडा हलका, ठरावीक तीन-चार रंगांचा, आणि तोंडावर काळा मुखवटा मुळीच नको. अमेरिकन अकिता भारी हाडाचा, कुठल्याही रंगाचा, काळ्या तोंडाचाही चालतो. २००० सालाच्या सुमारास जागतिक श्वानसंघटनेनं त्या स्वतंत्र जाती मानल्या. सलुकीत दोन रूपं एकत्र नांदली, अकितात वेगळी निघाली. एकूण काय, जाती माणसं ठरवतात.

रात्री जेवताना हे मी सगळ्यांना सांगितलं. मग काय, घरात चर्चाच सुरू! वन्संचं पिल्लू जपानी की अमेरिकन? तोंड निमुळतं आहे, म्हणजे जपानीच असणार, असं ह्यांचं मत. मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, दोघांच्या अंगावर केस तेवढेच ना?"

खरंच की! दोन्ही अकितांना केसांचे दोन थर, आत दाट लोकर आणि वर राठ केस. दोन्ही बर्फासाठी घडलेले.

"मग आपल्या पावसात ते काय करणार?" तो म्हणाला.

ह्यांनी वाढलेला भात परत ठेवला. कुणी काही बोललं नाही, पण विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी मी वन्संना फोन केला. आडवळण न घेता रेशमाचं सगळं सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "त्या मांजरीचं मला माहीतच नव्हतं, वहिनी." माया कमी झाली नाही. गणपतीला त्या नेहमीसारख्या येणार आहेत.

अलीकडे आपल्या देशी कुत्र्यांचं कौतुक होतंय. २००५ साली मुधोळचं पोस्टाचं तिकीट निघालं, २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. छानच झालं. पण तुमच्या घरी कुणी कारवानी, पश्मी की अकिता असं विचारत आलं, तर दोन फोटो शेजारी ठेवून बसू नका. हे जनावर कशासाठी राखलं गेलं, कुठल्या हवेतलं आहे, आणि ते आपल्या अंगणात मावेल का, एवढं आधी विचारा. रंग आणि केस मग बघायचेच आहेत.

रेशमा अजून अण्णांकडे आहे. झालर पुन्हा वाढली आहे. यंदा मुलगा म्हणतोय, दिवाळीला मीही येतो.