पद्मिनीचा रुबाब आणि मारुतीची काडेपेटी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. तेव्हापासून 'काय गाडी होती राव' असल्या पोस्टी थांबायला तयार नाहीत. गाडी चांगलीच होती, वाद नाही. पण मिळायची कुणाला?

आमच्या लहानपणी गावात मोजून तीन पद्मिनी. एक डॉक्टरांची, दोन अडतदारांच्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, मूळची इटलीची फियाट ११००. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. पुढची सीट सलग, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात, लग्नाला निघाले की मांडीवर एखादं पोरगंही. बिघडली तर एसटी स्टँडमागचा मिस्त्री पाना-पकडीवर चालू करून द्यायचा. हा रुबाब मीही विसरलेलो नाही.

पण घ्यायची म्हटलं तर पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघा. किती गाड्या बनवायच्या ते दिल्लीचं लायसन्स ठरवणार. गिऱ्हाईक जाणार कुठं? फार तर ॲम्बॅसिडरकडं. मग गाडी सुधारायची घाई कुणाला? साठच्या दशकातलं मॉडेल किरकोळ बदलांवर तीस-पस्तीस वर्षं खपलं.

डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. पत्रा पातळ, म्हणून लोक काडेपेटी म्हणून हसायचे. आणि गंमत बघा, खासगी कारखान्याची मक्तेदारी मोडली ती सरकारी कंपनीनं, जपानच्या सुझुकीला सोबत घेऊन! सुरुवातीला तिच्यासाठीही नंबर लावावा लागला, हे खरं. पण नव्वदीत आमच्या गल्लीत मास्तर, बँकेतले क्लार्क यांच्या दारात ८०० दिसायला लागली, बरीचशी सेकंडहँड. गावात गाडी चालवताना मी पहिल्यांदा पाहिलेली बाई ८०० मध्येच होती, हायस्कूलच्या मॅडम. चौकातली माणसं वळून बघायची.

आज देशी उद्योगाला संरक्षण द्या म्हणणारे पद्मिनीचा फोटो टाकतात, तेव्हा मला ती बुकिंगची रांग आठवते. संरक्षणाला माझा विरोध नाही, सवलती मारुतीलाही मिळाल्याच. फक्त बदल्यात गिऱ्हाइकाला काय मिळालं, ते सांगा.

कुणाच्या घरी पद्मिनीच्या बुकिंगची जुनी पावती असेल तर फोटो टाका. भरल्याची तारीख आणि गाडी दारात आल्याची तारीख, दोन्ही लिहा.