हर्ट्झ, वय आणि मी

"मामा, तू मरतोस कारण तुला तो दिसतच नाही!" भाच्याचा टोमणा जिव्हारी लागला. व्हॅलोरंटमध्ये सलग सात मॅच हरलो होतो. तिशी उलटली, हात मंदावले, हे कबूल करण्यापेक्षा नवा मॉनिटर घेणं सोपं! बोनस जमा झाला तसं वाळूजहून सुटल्यावर थेट कॅनॉट गाठलं.

दुकानदार २४० हर्ट्झवर अडलेला. मी मनातल्या मनात हिशोब मांडला. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळपास दहा वाचतात, दुसरीत तीनसुद्धा नाहीत. शिवाय माझं ग्राफिक्स कार्ड दोनशे फ्रेम काढताना धापा टाकतं. १४४ वर सौदा पक्का!

घरी लावला, तर काहीच फरक नाही. पंधरा दिवस मी वयाला शिव्या घातल्या. मग भाच्यानं डिस्प्ले सेटिंग उघडलं. विंडोज अजून ६० वरच! वाढवायला गेलो तर एचडीएमआयवरून मॉनिटर १२० च्या पुढे जाईना. डिस्प्लेपोर्टची केबल आणली, आणि माऊसचा बाण लोण्यासारखा सरकला.

कोपऱ्यातून येणारा आता दिसतो. खरंच दिसतो. मरतो अजून मीच, पण निदान दोन गोळ्या झाडून. भाचा म्हणतो, आता माऊस बदल. आतून बायकोनं टीव्हीचा आवाज कमी केलाय.